ब्रश डाउनलोड होतो, नजर होत नाही

हॉस्टेलमध्ये कुणी एखादं डिजिटल पेंटिंग करून दाखवलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "सॉफ्टवेअर कुठलं रे?" मग, "टॅबलेट केवढ्याला पडला?" आणि शेवटी, "ब्रशपॅक दे ना, पेनड्राइव्ह आणतो." चित्रात काय आहे आणि ते तसंच का आहे, हे विचारणारा विंगमध्ये एखादाच. त्यालाही बाकीचे "आला मोठा क्रिटिक" म्हणून गप्प बसवतात.

यात आपला फार दोष नाही म्हणा. आपण बोलूनचालून इंजिनियर. यंत्र दिसलं की स्पेसिफिकेशन विचारायचं, ही आपली जातच. पण यातूनच आपल्याकडे चित्र काढणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एक ‘टेक्निकवाले’. त्यांच्या मते चित्र म्हणजे लेयर, ब्लेंडिंग मोड, प्रेशर सेटिंग आणि रात्रभर पाहिलेली ट्युटोरियल्स. बाकी सगळ्या गप्पा. दुसरे ‘व्हिजनवाले’. यांच्या डोक्यात जबरदस्त चित्रं असतात, फक्त ती डोक्यातच असतात. टेक्निकचं नाव काढलं की ते म्हणतात, "ते काय, कुणीही शिकतं. कल्पना महत्त्वाची."

मला दोघांचंही पटत नाही. का ते सांगतो.

आधी तंत्राच्या बाजूने बोलू, कारण त्याच्या जिवावरच हा सगळा उद्योग उभा आहे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप नावाच्या इंजिनियरने ‘सुपरपेंट’ ही यंत्रणा तयार केली. पडद्यावर रंग निवडायचा आणि पेनाने चित्र रंगवायचं, ही गोष्ट तिथे प्रत्यक्षात आली. पुढच्या वर्षी तिथे अल्व्ही रे स्मिथ येऊन मिळाला. हा शिकलेला इलेक्ट्रिकल इंजिनियर, पण स्वतः चित्रं काढणारा. (पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला तो हाच.) कॉम्प्युटरला रंग कळतो तो लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत. चित्रकार असा विचार करत नाही. तो म्हणतो, रंग हाच ठेव, पण जरा फिका कर. किंवा हाच ठेव, पण जरा काळोखात ने. स्मिथने १९७८ साली चित्रकाराच्या या बोलण्याला गणितात बसवलं: रंग कोणता, किती गडद, किती उजळ. तेच एचएसव्ही मॉडेल. आज सॉफ्टवेअरमध्ये रंग निवडायला आपण जे चक्र फिरवतो, त्याच्या मुळाशी हेच किंवा याच्याच जातीचं गणित असतं. म्हणजे बघा, ज्याला आपण कोरडं ‘तंत्र’ म्हणतो त्यात कुणाची तरी चित्रकाराची नजर आधीच जाऊन बसलेली आहे. व्हिजनवाल्यांनी तंत्राला तुच्छ लेखण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मग १९९० साली फोटोशॉप आलं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत मागच्या अनेक पायऱ्या उलट्या उतरायची सोय आली. कागदावर ही चैन कधीच नव्हती. ज्या चुकीपायी पूर्वी अख्खा कागद फेकून द्यावा लागे, तिला आता कंट्रोल-झेडची दोन बोटं पुरतात.

पण नेमकं इथेच पाणी मुरतं. कंट्रोल-झेडने चुकलेला फटकारा मागे जातो. चित्रच चुकीचं निवडलं असेल, उजेड नको तिथून घेतला असेल, जे दाखवायला नको तेच मधोमध मांडलं असेल, तर त्याला कुठलंही बटण नाही. यंत्राने हाताच्या चुका स्वस्त केल्या. डोक्याच्या चुका जेवढ्या महाग होत्या तेवढ्याच राहिल्या. आणि आपण मात्र वेळ सगळा खर्च करतो तो स्वस्त झालेल्या गोष्टीवर!

एक उदाहरण घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ‘ग्लो ऑफ होप’ नावाचं चित्र आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योत विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरलेला. आपल्यातल्या अनेकांच्या घरी कॅलेंडरवर ते येऊन गेलं असेल. बरेच लोक ते राजा रवि वर्म्याचं समजतात. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि हे चित्र १९४० च्या दशकातलं. गंमत म्हणजे ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. उजेड म्हणजे कागदाचा राखून ठेवलेला पांढरा भाग, किंवा अगदी पातळ रंगाचा थर. कुठे राखायचं ते आधी ठरवावं लागतं, नंतर पश्चात्ताप करून उपयोग नसतो.

आता त्या आडव्या हाताकडे बघा. ज्योतीचा उजेड बोटांवर नुसता पडलेला नाही, तो बोटांमधून आरपार झिरपून लालसर झालेला आहे. (खात्री करायची असेल तर लोडशेडिंगमध्ये मोबाइलच्या टॉर्चवर हात ठेवून बघा.) कॉम्प्युटर ग्राफिक्सवाले याला ‘सबसरफेस स्कॅटरिंग’ म्हणतात. कातडीतून, मेणातून, दुधातून प्रकाश आत शिरून कसा बाहेर पडतो, याचं वापरता येण्याजोगं गणित हेन्रिक वान जेन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं, आणि २००४ साली त्यांना त्याबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. हळदणकरांकडे ते गणित नव्हतं. त्यांनी हाताकडे नीट बघितलं होतं.

हेच चित्र आपण डिजिटलमध्ये करायला घेतलं तर? दिव्याभोवती ग्लोचा एक लेयर, वर थोडे ठिपके, मागे थोडं धुकं. काम तमाम. दिवा झगझगीत दिसेल, पण पेटलेला वाटणार नाही. कारण दिवा दिसतो तो त्याच्या उजेडामुळे जेवढा, तेवढाच भोवतीच्या अंधारामुळे. आजूबाजूचं किती काळोखात सोडायचं, हा निर्णय हळदणकरांनी घेतलाय. आपण तो घेतच नाही, कारण आपल्याला सगळंच दाखवायचं असतं. चोळीवरचं नक्षीकाम रंगवायला तीन तास लागलेले असतात ना!

आता साधनांबद्दल. टॅबलेट नाही म्हणून चित्र येत नाही, असं म्हणणारे आपल्याकडे पायलीला पन्नास. नाचता येईना अंगण वाकडं. जपानच्या तात्सुओ होरिउची या गृहस्थांनी निवृत्तीच्या सुमारास, २००० साली, कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं ठरवलं. चित्रकलेची सॉफ्टवेअर महाग, आणि कॉम्प्युटरमध्ये एक्सेल आयतं बसवलेलं. त्यांनी एक्सेलमध्ये चित्रं काढली! ज्यात आपण प्रॅक्टिकलचे ग्राफ काढून रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करतो, त्याच एक्सेलमध्ये. ऑटोशेप वापरून त्यांनी डोंगर, चेरीची झाडं, जुनी घरं उभी केली आणि २००६ साली एक्सेलमधल्या अशा चित्रांच्या स्पर्धेत पहिले आले.

दुसरे अमेरिकेतले हॅल लास्को. यांना ८५ व्या वाढदिवसाला घरच्यांनी कॉम्प्युटर दिला, त्यात एम. एस. पेंट होतं. पुढे डोळ्यांच्या आजाराने मधली नजर अधू झाली. तेव्हा पेंटमध्ये चित्र मोठं करून, एकेक पिक्सेल भरत त्यांनी काम चालू ठेवलं. २०१४ मध्ये ९८ व्या वर्षी वारले तोवर त्यांची चित्रं जगभर पोचली होती. डोळे अधू आणि चित्रकाराची नजर शाबूत!

पण थांबा. व्हिजनवाल्यांनी लगेच खूश होऊन कॉलर टाइट करू नये. लास्कोंनी उमेदीची वर्षं ग्राफिक आर्टिस्ट म्हणून काढली होती. अक्षरं हाताने घडवणं हा त्यांचा पेशा. होरिउचींनी एक्सेलचा ऑटोशेप असा काही पिळून काढला, की ते बनवणाऱ्यांनाही एवढं सुचलं नसेल. दोघांचंही साधन गरीब होतं, पण त्या साधनावरची हुकमत श्रीमंत होती. साधन स्वस्त असणं आणि तंत्र कच्चं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सोयीने त्या एक करतो.

याच्या उलटं उदाहरण अँडी वॉरहॉलचं. सूपच्या डब्यांची चित्रं काढून गाजलेला हा चित्रकार. १९८५ साली कमोडोर कंपनीने आपला नवा अमिगा कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा वॉरहॉलने स्टेजवर डेबी हॅरी या गायिकेचं चित्र त्यावर रंगवून दाखवलं. त्याने अमिगावर आणखीही चित्रं केली होती; ती फ्लॉपी डिस्कमध्ये पडून राहिली. २०१४ साली ती बाहेर आली, आणि त्या फ्लॉप्या वाचून दाखवल्या कुणी, तर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने. म्हणजे आपल्यासारख्याच पोरांनी! शिवाय वॉरहॉल त्याच संस्थेतून १९४९ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला. त्या चित्रांत सूपचा डबा आहे, पण रेषा थरथरलेली. आयुष्यभर पेन्सिल चालवलेल्या माणसाचा हात माऊसवर चाचपडतोय हे स्पष्ट दिसतं. मात्र एका चित्रात व्हीनसच्या कपाळावर तिसरा डोळा आहे, तिच्याच डोळ्याची नक्कल करून चिकटवलेला. एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा वापरणं हे वॉरहॉलचं जुनं वेड. नव्या यंत्रात कॉपी-पेस्ट सापडल्याबरोबर तो तिकडे वळला. नजर तयार होती म्हणून यंत्रात काय घेण्यासारखं आहे ते त्याला चटकन दिसलं. हात तयार नव्हता म्हणून तो सूपचा डबा कच्चा राहिला. इतक्या मोठ्या माणसालाही यंत्राने सूट दिली नाही, तिथे आपली काय कथा?

आता आपल्या घरच्या विषयाकडे वळतो. जीटी. ग्लास ट्रेसिंग म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. (स्टाफरूममधल्या वाचकांनाही नको, त्यांनीही हे दिवस काढले आहेत.) खाली दिवा, वर काच, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली. रेषा अचूक येतात, सबमिशन वेळेत होतं. फक्त अमुक रेष तुटक का आहे, हे व्हायवात विचारलं की आपण छताकडे बघतो. डिजिटल पेंटिंगमध्ये फोटो खालच्या लेयरला ठेवून वरून गिरवणं म्हणजे हीच जीटी. नाक नाकाच्या जागी येतं, पण ते नाक तिथे का, त्याची सावली ओठावर किती पडते, हे हाताला कळत नाही.

गिरवणं हे पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकाराने २००१ साली पुस्तक लिहून दावा केला, की पंधराव्या शतकापासून युरोपातले मोठे मोठे चित्रकार आरसे आणि भिंगं वापरत होते. त्यावर इतिहासकारांशी त्याचे भरपूर वाद झाले. पण त्याचा एक मुद्दा सोपा आहे. भिंगाने प्रतिमा पडते. खूण हातालाच करावी लागते. याच हॉकनीने सत्तरी ओलांडल्यावर आयफोनवर आणि मग आयपॅडवर चित्रं काढायला सुरुवात केली. २०११ साली यॉर्कशरमधल्या वोल्डगेट नावाच्या एका साध्या रस्त्यावर वसंत कसा येतो, हे त्याने हिवाळ्यापासून पुन्हा पुन्हा तिथे जाऊन आयपॅडवर टिपलं. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यातली ५१ चित्रं मोठ्या आकारात छापून मांडली, जोडीला ३२ कॅनव्हास एकत्र करून रंगवलेलं एक प्रचंड तैलचित्र. आपल्या विंगमधल्या कुणाही टेक्निकवाल्याला ती आयपॅडची चित्रं दाखवा. तो म्हणेल, "हे काय, ब्रश तर साधेच आहेत." आहेतच. पण तोच रस्ता, तीच झाडं आणि दर वेळी वेगळी हिरवाई. आपण रोज हॉस्टेल ते कॉलेज एकाच रस्त्याने जातो. त्या रस्त्यावर पहिलं झाड कुठलं आहे, सांगता येईल?

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड मुद्दा. २०२२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत डिजिटल कलेच्या एका गटात पहिलं बक्षीस मिळालं, ३०० डॉलरचं, जेसन अ‍ॅलन यांच्या चित्राला. ते चित्र मिडजर्नी या एआय प्रोग्रामने तयार केलेलं होतं. अ‍ॅलन यांचं म्हणणं, आपण निदान ६२४ वेळा सूचना बदलून ते मिळवलं. यंत्राने केलेला भाग वगळून नोंदणी करायला ते तयार नव्हते, म्हणून २०२३ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने त्यांना नोंदणी नाकारली.

यावर व्हिजनवाले म्हणतात, "बघा, तंत्र संपलं! आता कल्पनाच राजा." मला नेमकं उलटं दिसतं. यंत्र मिनिटात चाळीस चित्रं देईल. त्यातलं चांगलं कुठलं, हे कोण सांगणार? ज्याने कधी हात काढायचा प्रयत्न केला नाही, त्याला चित्रातल्या हाताला सहावं बोट आहे हेही उशिरा दिसतं. मग मनगट अवघडलंय, उजेड दोन दिशांनी येतोय, हे काय दिसणार! निवड करायची तर नजर हवी, आणि नजर आकाशातून पडत नाही. ती हाताच्या फजितीतून तयार होते. आपण गोल काढायला जातो, तो गोल येत नाही, का येत नाही म्हणून पुन्हा मूळ वस्तूकडे बघतो. त्या दुसऱ्यांदा बघण्यात नजर वाढते. ज्याचा हात कधी अडखळलाच नाही, त्याला दुसऱ्यांदा बघायचं कारणच पडत नाही.

म्हणून मला वाटतं, तंत्र आणि दृष्टी यांची कुस्ती लावण्यातच अर्थ नाही. तंत्र हे दृष्टीचं व्यायामाचं साधन आहे. पण व्यायाम म्हणजे डंबेल्स जमवणं नव्हे. आपण ब्रशपॅक जमवतो ते डंबेल्स जमवल्यासारखं.

हा प्रश्न फक्त चित्र काढणाऱ्या पाच-दहा जणांचा आहे, असं समजू नका. कॅडच्या लॅबमध्ये हेच चालतं. कमांड सगळ्या तोंडपाठ, मॉडेल गुळगुळीत, रेंडरिंग झकास. पण मशीनचं हँडल उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर दिलंय का, याचा विचार नाही. मोठ्या सॉफ्टवेअरचं नाव रेझ्युमेत लिहिता येतं, त्या हँडलचा विचार लिहिता येत नाही, म्हणून तो मागे पडतो.

आणि आपण बक्षीस तरी कशाला देतो? आपल्या फेस्टमधल्या डिजिटल पेंटिंग स्पर्धेत गेली काही वर्षं जे चित्र फोटोच्या जास्तीत जास्त जवळ जातं ते वर येतं. साहजिकच ज्याच्याकडे स्क्रीनवाला टॅबलेट तो पुढे, आणि लायब्ररीतल्या पीसीवर माऊसने काढणारा फर्स्ट इयरचा पोरगा नाव द्यायलाच बिचकतो. त्याच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर ते आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून पुढच्या फेस्टसाठी आयोजकांपुढे आणि सर-मॅडमांपुढे या सूचना ठेवतो:

एक, पूर्ण चित्रासोबत तीन छोटे कच्चे आराखडे द्यायचे. हाच का निवडला, ते दोन ओळींत.

दोन, फोटो वापरायला बंदी नको, पण वापरला असेल तर जोडायचा. फोटोतलं काय बदललं, काय गाळलं, ते परीक्षकांना दिसलं पाहिजे.

तीन, दोन मिनिटांची व्हायवा. उजेड कुठून येतोय? आधी नजर कुठे जावी असं वाटत होतं? कुठे थांबायचं कसं ठरवलंस?

चार, एक गट फक्त कॉम्प्युटर सेंटरच्या पीसीवर: माऊस, एकच गोल ब्रश, काळा-पांढरा आणि एक रंग. इथे सगळे एकाच अंगणात नाचतील.

पाच, मार्क निम्मे हाताला, निम्मे नजरेला. दोन्हींपैकी एकात नापास तो नापास. केटीचा नियम इथेही लावा!

फेस्टला वेळ आहे. तोवर ज्याला हौस आहे त्याने आठवडाभर कंट्रोल-झेडला हात लावायचा नाही, असं ठरवून बघावं. विषय शोधायला हिमालयात जायला नको. व्हरांड्यात उघडी वाळत टाकलेली छत्री, मेसचा चेपलेला स्टीलचा ग्लास, रात्री दोनला एकाच खोलीतून बाहेर पडणारा उजेड. काढण्याआधी डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. आधी तेवढेच मांडा. तेवढ्यातच चित्र उभं राहिलं तर पुढे जा, नाही राहिलं तर हजार ब्रश लावूनही राहणार नाही.

हे सगळ्यांना पटेल असं नाही. टेक्निकवाले म्हणतील, हा आमच्या मेहनतीवर उठलाय. व्हिजनवाले म्हणतील, हा आमच्याकडून घाम काढायला बघतोय. दोघांशीही वाद घालायची तयारी आहे, रात्री जेवणानंतर मेसबाहेरच्या कट्ट्यावर. फक्त येताना नुसतं मत आणू नका, काढलेलं एखादं चित्र घेऊन या. फसलेलं असलं तरी चालेल. बोलायला तेच जास्त सोपं पडतं.